राईबाहेर गेलेली काठी

रत्नाबाईचा एकच हट्ट होता. आधी राई, मग वाइन. पुण्याहून सहलीची बस आली की ती पहिल्यांदा देवटेपला चढायची. लोकांनी गाव बघायचं, घराघरांत नाश्ता करायचा, देवाच्या राईत जाऊन यायचं आणि मगच खाली रिहे खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यात उतरायचं. उलटं चालायचं नाही. सहली काढणारा पुण्याचा निषाद, त्यानं एकदा उन्हाचं कारण काढून हा क्रम फिरवायचा घाट घातला होता. दुपारी राईत गार असतं, लोकांना बरं वाटेल, असं त्याचं म्हणणं. रत्नाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की गार असतं हे खरं, पण पिऊन आलेलं माणूस मी वाघजाईच्या दारात नेणार नाही, तू दुसरी बाई बघ. निषादनं दुसरी बाई बघितली नाही. कुठनं बघणार? देवटेपात उंबरे जेमतेम सव्वीस, आणि त्यात शहरातल्या चौदा माणसांसमोर पदर नीट करून तासभर न अडखळता बोलणारी बाई ही एकच.

आता तुम्ही म्हणाल, मुळशीत कसली आलीय वाइन? आम्हीही तेच म्हणालो होतो. इथं चार महिने असा पाऊस की चुलीतलं लाकूडसुद्धा ओलं राहतं, आणि हे दादासाहेब नोकरीतून निवृत्त होऊन आले ते थेट डोंगराच्या उतारावर द्राक्षाचे वेल लावत सुटले. लोकांनी पोट धरून हसून घेतलं. पण माणूस चिवट निघाला. निम्मी द्राक्षं अजून नारायणगावाकडनं येतात, ते तो लपवत नाही. पण जांभळाची आणि करवंदाची वाइन मात्र अस्सल इथली. हसणाऱ्यांच्याच बायका आता मे महिन्यात त्याला करवंदं नेऊन घालतात. निषादच्या रंगीत कागदावर ह्या सगळ्याला ‘वाइन कंट्री आणि वारसा गाव’ असं नाव दिलं होतं. वारसा म्हटल्यावर गावातले दोघेतिघे सातबारा घेऊन चावडीवर आले होते, ते असो.

रत्नाबाईचं माहेर कासार आंबोलीचं. दहावी पास झाली आणि एकोणिसाव्या वर्षी देवटेपच्या दयानंदशी लग्न होऊन वर आली. दयानंद हिंजवडीला कंपनीची बस चालवतो, दुपारी जातो तो मध्यरात्र उलटल्यावर येतो. पोरगी सायली तिकडंच एका ऑफिसात लागली, शनिवारी-रविवारी घरी येते. मधल्या अकरा वर्षांत रत्नाबाईनं खालच्या बंगल्यांत भांडी घासली. त्या अकरा वर्षांत तिला बोलायचं काम पडलं ते एवढंच, की झालं ताई, येते. कुणी तिला काही विचारलं नाही आणि तिनं कुणाला काही सांगितलं नाही.

मग एक दिवस हा निषाद डोंगरात वाट चुकून तिच्या दारात आला. तिनं भाकरी आणि पिठलं वाढलं. खाता खाता त्यानं विचारलं, मावशी, त्या समोरच्या टेकडीवर एवढंच जंगल कसं काय राहिलं? आणि रत्नाबाई बोलायला लागली. ती राई वाघजाईची, तिथलं वाळकं पानसुद्धा कुणी बाहेर आणत नाही, गारंबीचा वेल केवढा आहे, अंजनीच्या झाडाला निळी फुलं येतात तेव्हा देवीचं अंग निळं दिसतं, सगळं सगळं. भाकरी संपली तरी ती बोलतच होती. निषादनं मोबाइल पुढं करून तिचा आवाज भरून घेतला. तिचं बोलणं कुणी जपून ठेवण्याची तिच्या जन्मातली ती पहिलीच वेळ. त्या दिवशी तिला रात्री झोप लागली नाही, इतका तिला आनंद झाला होता. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही, मला सांगितलं.

त्याच आवाजावरनं निषादनं सहलींचा बेत आखला, पण गावाला पटवायचं म्हणजे सासऱ्याला पटवायचं. कोंडाजीबाबा, वय ऐंशीच्या पुढं, वाघजाईच्या दिव्याचा मान त्यांच्या घराला. रोज दिवस मावळायच्या आत राईत जायचं, देवीपुढं दिवा लावायचा, घंटा एकदा वाजवायची आणि परत यायचं. साठ वर्षं त्यांनी हे चुकवलं नाही. गुडघे गेल्यापासून ते काठी घेतात, पण राईच्या दगडी बांधापाशी काठी बाहेर ठेवावी लागते. तिथला नियमच तसा. लाकूड आत न्यायचं नाही आणि आतलं बाहेर आणायचं नाही. एकदा आत गेलेलं लाकूड कुणाचं हे कोण ठरवणार? ते वाघजाईचं. म्हणून काठी बांधाला टेकवून म्हातारा सुनेच्या उजव्या हाताला धरायचा आणि दोघं आत जायची. सहा वर्षं हे रोज चाललं होतं. गावात लोक म्हणायचे की बाबाची काठी दोन पायांची आहे.

गावच्या बैठकीत बाबा भडकले. देवी काय तमाशा आहे का, तिकीट काढून बघायला, असं ते सरळ म्हणाले. पण नऊ घरांनी नाश्त्याच्या पाळीसाठी होकार दिला होता, बायकांच्या डोळ्यांत आशा होती, आणि सून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी होती. शेवटी बाबांनी अट घातली. बाहेरच्या माणसानं राईतलं काहीही बाहेर नेलं, पान नेलं, दगड नेला, तर त्या दिवसापासून सहली बंद. कायमच्या. परत बैठक नाही. आणि गावच्या माणसानं नेलं तर जुना नियम आहेच, वर्षभर बांधाबाहेर. रत्नाबाईनं नारळावर हात ठेवून सांगितलं की माझ्या जबाबदारीवर. त्या जुन्या नियमाचा कुणी विचारही केला नाही. गावचं माणूस कशाला नेईल? एकदा गंगूबाईनं भर पावसात चुलीसाठी वाळक्या फाट्यांची मोळी आणली होती, तेव्हा ती वर्षभर बांधाबाहेर होती. त्याच वर्षी तिच्या लेकीचं लग्न झालं. नवरानवरी आत जाऊन पाया पडली आणि आई बांधाबाहेर उभी राहून डोळे पुसत होती. नवी नवरी असताना रत्नाबाईनं ते डोळ्यांनी बघितलं होतं.

तर असं सगळं. दोन वर्षं सहली सुरळीत चालल्या. राईतनं बाहेर पडताना रत्नाबाई बांधावर उभी राहायची आणि शाळेतल्या बाईसारखी सगळ्यांना हात पुढं करायला लावायची. साहेबलोक हसत हसत तळहात दाखवायचे. पिशव्या झटकायचे. एकदा एकाच्या बुटाच्या तळव्याला चिकटलेलं पान तिनं काडीनं खरवडून आत टाकलं होतं. तिची राई म्हणजे तिची राई.

माघातला शनिवार. बस अर्धा तास उशिरा आली होती, चांदणी चौकातच अडकली म्हणे, आणि निषादचे फोनवर फोन चालले होते. चौदा माणसं, त्यात नलिनीताई म्हणून एक बाहत्तर वर्षांच्या आजी, नात दिशाबरोबर आलेल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. गुडघे दुखतात पण काठी घेत नाहीत, काठी घेतली की म्हातारं दिसतं म्हणाल्या. रत्नाबाईला त्या बघताक्षणी आवडल्या. सगळे मोबाइल धरून उभे असताना ह्या तेवढ्या खाली बसून ऐकत होत्या, मध्येच प्रश्न विचारत होत्या, आणि उत्तर ऐकलं की मान डोलवत होत्या. रत्नाबाई त्या दिवशी इतकी छान बोलली की विचारू नका.

परत निघताना, वाघजाईच्या देवळाखालच्या उतारावर, दवानं भिजलेल्या पाचोळ्यावरनं नलिनीताईंचा पाय सटकला. रत्नाबाईनं झेप घेऊन त्यांचा दंड धरला. आजी थरथरत होत्या. दिशा मागं कुठंतरी फोटो काढत होती. रत्नाबाईच्या एका हातात पाण्याच्या बाटल्यांची पिशवी, दुसऱ्या हातात आजी. अंजनीच्या बुंध्याला एक वाळकी फांदी टेकून पडलेली होती, सरळ, कमरेएवढी. पिशवी खाली ठेवून तिनं ती उचलली, आजीच्या हातात दिली आणि म्हणाली, धरा आजी, सावकाश. रोज संध्याकाळी म्हाताऱ्या माणसाला उतरवून आणायची हाताला लागलेली सवय ती. हात पुढं झाला, डोकं मागं राहिलं.

बांधापाशी तिनं नेहमीसारखे सगळ्यांचे हात बघितले. तेरा जणांचे. चौदाव्या माणसाला तिनं स्वतःच कोपराला धरलेलं होतं, त्यांचे हात कशाला बघायचे? निषादचा फोन पुन्हा वाजला. कोंडाजीबाबा गुडघ्यावर शेक घेत घरात बसले होते. चौदा माणसं आणि एक काठी बांध ओलांडून बसमध्ये बसली, आणि एवढ्या गावात ते एकाच्याही ध्यानात आलं नाही.

द्राक्षमळ्यात पोचायला दीड वाजला. दादासाहेबांनी पेले मांडून ठेवले होते. आधी वास घ्यायचा, मग पेला फिरवायचा, मग घोटभर जिभेवर ठेवायची, हे ते दर वेळी त्याच शब्दांत सांगतात. रत्नाबाई ते ऐकत नाही. ती पडवीत बसते, घरनं आणलेली भाकरी खाते आणि चहा पिते. भट्टीवाला विटांच्या भट्टीत लाकडं सारून पिझ्झे भाजत होता. त्याचा वास सगळ्या मळ्यात पसरला होता.

नलिनीताई पेला हातात घेऊन पडवीत आल्या आणि तिच्याशेजारी बसल्या. गुडघा बरा आहे का, असं रत्नाबाईनं विचारलं. बरा आहे, आजी म्हणाल्या, तुमच्या काठीनं मला वाचवलं हो, किती टणक लाकूड आहे ते, बसमधनं इथवर तिच्याच आधारानं आले.

रत्नाबाईच्या हातातला घास तसाच राहिला. कुठली काठी, हे विचारायची तिला गरज नव्हती. हाताला आत्ता त्या फांदीची साल आठवली, अंजनीची, बारीक भेगांची. तिनं कसंबसं विचारलं की कुठं आहे ती. ती काय, तिथं भिंतीला टेकवून ठेवली होती, असं म्हणत आजींनी बोट केलं. भिंतीपाशी काही नव्हतं. भिंतीपाशी फक्त भट्टीच्या लाकडांचा ढीग होता, आणि तोही निम्मा संपलेला.

ती उठली ती धावतच. भट्टीवाल्याला तिनं विचारलं, तेव्हा तो पिझ्झा फिरवण्यात दंग. उत्तरेकडचा माणूस, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? “लकड़ी थी दीदी, डाल दी,” म्हणाला. रत्नाबाईनं भट्टीच्या तोंडात बघितलं. निखाऱ्यांच्या कडेला, अजून पुरती न पेटलेली, अर्धी काळी आणि अर्धी तांबडी, ती काठी होती. वाघजाईच्या अंजनीवर पिझ्झे भाजत होते. तिनं चिमटा शोधला नाही, कुणाला हाक मारली नाही. हात आत घातला आणि काठी ओढून काढली.

तळहाताची कातडी सोलली. पण टोक अजून जळत होतं. टेबलावर भरलेला जग दिसला, तिनं तो उचलला, आणि ओतणार एवढ्यात लाल रंग दिसला. जगात वाइन होती. देवीच्या लाकडावर दारू ओतायला निघाली होती ती. जग ठेवला आणि धावत जाऊन काठीचं पेटतं टोक वेलांच्या आळ्यातल्या ओल्या मातीत खुपसलं. धूर निघाला. मग ती तिथंच वाफ्यात बसली आणि तिला रडू कोसळलं, हाताच्या आगीनं नव्हे.

सगळे जमले. दादासाहेबांनी मलम आणलं, स्वतः फडकं बांधलं. निषाद तिला बाजूला घेऊन समजावत राहिला. काठीच ती, मावशी. राई अख्खी उभी आहे. संध्याकाळी जाऊन गपचूप आत टाकून या, कुणी बघितलंय? पुढच्या महिन्याचे आठ गट ठरलेत, नऊ घरांचं काय, असं तो म्हणत होता, आणि खोटं काहीच बोलत नव्हता. रत्नाबाईला ते पटत होतं, हीच तर पंचाईत होती. मग नलिनीताई आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. त्या म्हणाल्या की मी येते तुमच्याबरोबर, मी सांगते, मीच नेली म्हणून, म्हातारीला कुणी काही बोलणार नाही. बाई भली, पण तिला काय माहीत, की तिच्या त्या एका भल्या वाक्यानं सहली कायमच्या बंद होतील. रत्नाबाईनं फक्त मान हलवली. नको आजी, तुमी घरी जावा.

साडेचार वाजता बसनं तिला फाट्यावर सोडलं. पदरात गुंडाळलेली काठी छातीशी धरून ती चढण चढू लागली. खाचरांत भाताची धसकटं वाळून पिवळी पडली होती, गुरं घरी निघाली होती. तळहात ठणकत होता. डोक्यात एकच हिशेब फिरत होता. सांगितलं तर वर्षभर बांधाबाहेर. म्हणजे शनिवारी लोक आत आणि ती बांधापाशी. म्हणजे गारंबीचा वेल दुसरंच कुणी दाखवणार, अंजनीच्या फुलांचं दुसरंच कुणी सांगणार. लोकांनी खाली बसून आपलं ऐकावं, हे सुख तिला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मिळालं होतं आणि जेमतेम दोन वर्षं झाली होती. ते सोडायचं? एका काठीपायी? नाही सांगितलं तर काही होत नाही. काठी आत पडेल, पावसात कुजेल, संपलं. कोणाचं वाईट होणार होतं त्यात?

वाटेत गंगूबाईचं घर लागतं. म्हातारी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. आज लवकर आलीस गं, म्हणाली. रत्नाबाई थांबली नाही. थांबली असती तर तिथंच बांध फुटला असता.

तिनं ठरवलं होतं की सासऱ्याला आणायला घरी जायच्या आधी एकटीनं राईकडं जायचं. वळणावरनं ती वर आली आणि जागच्या जागी थिजली. कोंडाजीबाबा आधीच येऊन बांधापाशी दगडावर बसले होते. काठी शेजारी टेकवलेली. दिवस डोंगराला टेकायला कासराभर उरला होता. तिला बघून ते गुडघ्यावर हात देऊन उठले आणि रोजच्यासारखा हात पुढं केला, तिच्या उजव्या हातासाठी. तिच्या उजव्या हाताला फडकं होतं.

“भाजलं व्हय?” बाबांनी विचारलं.

“व्हय.”

“चल मग. दिस चाललाय.”

रत्नाबाई हलली नाही. बांधाच्या पलीकडं रातकिडे लागले होते. एक पाऊल टाकलं की झालं असतं. आत गेल्यावर सासरा देवीपुढं वाकेल, तेव्हा पदरातली काठी अंजनीखाली सोडून द्यायची, आवाजसुद्धा होणार नाही. तिनं पाय उचललाही. मग म्हाताऱ्याच्या हाताकडं बघितलं. तो हात तसाच पुढं होता, वाट बघत, सहा वर्षं ज्या भरवशानं पुढं होत होता त्याच भरवशानं. ह्या हाताला धरून चोरी आत न्यायची? तिच्यानं ते झालं नाही. तिनं पाय मागं घेतला, पदर सोडला आणि काठी बांधावर ठेवली.

बाबा ती काठी बघत राहिले. वाकून त्यांनी जळक्या टोकाला बोट लावलं, बोटाला काळं लागलं. साल ओळखायला त्यांना उजेड लागत नाही. रत्नाबाईला वाटलं, शिवी द्या, हात उगारा, पण काहीतरी बोला.

“भायेरच्या मानसानं नेली?”

आता इथं क्षणभर थांबायला हवं, कारण इथं ती थांबली होती. हो म्हटलं असतं तर ती सुटत होती. वर्षभराची शिक्षा नाही, राई सुटणार नाही, रोजचा दिवा सुटणार नाही. सहली बंद झाल्या असत्या, नऊ घरांची पाळी गेली असती, पण ते पुण्याच्या बाईच्या नावावर. आणि ती बाई तर स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती की माझं नाव सांगा.

“न्हाई,” रत्नाबाई म्हणाली. “म्या दिली. म्हातारी घसरली, म्या उचलून हातात दिली. तिला ठावं न्हवतं. मला ठावं आसून म्या दिली. आन् भायेर नेताना बगितलं न्हाई.”

बाबांनी मान हलवली. मग विचारलं, “पुढचं ठावं हाय न्हवं?”

“हाय. वरीसभर.”

“आज धरून.”

“व्हय मामा, आज धरून.”

ती रडली नाही. रडायचं ते खाली मळ्यात झालं होतं. तिनं एवढंच सांगितलं की शनिवारी सायलीला सुट्टी असते, लोकांना आत ती नेईल, तिला आपण सगळं शिकवू. बाबा म्हणाले की शिकव, बांधाभायेर बसून शिकव. ह्यात राग नव्हता आणि माया दाखवायचीही घाई नव्हती. नियम सांगावा तसं सांगितलं. मग रत्नाबाईच्या एकदम ध्यानात आलं. वर चढताना तिनं सगळा हिशेब स्वतःचा केला होता. म्हाताऱ्याचा केलाच नव्हता.

“पण मामा, तुमाला आत कोन नेईल? हे तर कामावर. सायली आटवड्यातनं दोन दिस, आन् ह्या खेपेला तर ती आलीच न्हाई. रोजच्याला कोन?”

म्हाताऱ्याला हे शिक्षा सांगायच्या आधीच कळलेलं होतं. त्यांच्या तोंडावर ते दिसत होतं. पोराबाळांना बोलवा, शेजारच्याला सांगा, असलं काही ते म्हणाले नाहीत. दिव्याचा मान घराचा, घरच्याच माणसानं धरून न्यायचं, हेही जुनंच. त्यांनी आपली रोजची काठी बांधाला टेकलेली होती ती तशीच राहू दिली. खाली वाकून ती अर्धी जळलेली काठी उचलली.

“ही आतलीच हाय,” म्हणाले. “ही घेऊन गेलं तर चालतंय.”

काठी आखूड झाली होती. तिच्यावर भार द्यायचा म्हणजे बाबांना कमरेत दुमडून वाकावं लागत होतं. डावा हात बांधावर ठेवून त्यांनी एक पाय पलीकडं टाकला, मग दुसरा. रत्नाबाईचा हात आपोआप पुढं गेला आणि बांधाच्या दगडावर अडला. म्हातारा अंधारात शिरला. वीस पावलांवर अंजनी, तिथनं देवळाकडचा चढ, सकाळी आजी घसरली ती जागा. आत ऊन शिरत नाही, पाचोळा अजून ओला असणार. चढून जाताना चालेल, उतरताना काय?

काठीचा ठक ठक आवाज येत होता. मग अंतर पडत गेलं. ठक. बराच वेळ काही नाही. पुन्हा ठक. मग पाचोळ्यावर काहीतरी जोरात सरकल्याचा आवाज आला आणि सगळं थांबलं. मामा, अशी हाक ओठांवर आली. पळत जावंसं वाटलं, चार उड्यांत ती तिथं पोचली असती, आणि कुणी बघायला नव्हतं. तिनं बांधाचा दगड दोन्ही हातांनी धरून ठेवला, भाजलेल्या हातानंसुद्धा. फडक्यातनं रक्त आलं ते तिला नंतर दिसलं. दिवस डोंगराआड गेला. साठ वर्षांत दिवा इतका उशिरा कधी लागला नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. मग झाडांतनं एक पिवळा ठिपका दिसला, आणि घंटा वाजली. एकदाच, रोजच्यासारखी.

रत्नाबाईनं डोळे मिटले आणि पुन्हा कान देऊन उभी राहिली, कारण आता तो उतार उतरायचा होता. तिचा उजवा हात कोपरात वाकवून बांधाच्या अलीकडं तसाच पुढं धरलेला होता, बाहेर आल्यावर म्हाताऱ्याला धरता यावा म्हणून.